उद्याची वीज कोण मोजतो?

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, खापरखेडा हे गाव आहे. तेथील औष्णिक विद्युत केंद्राची उंच धुराडी फार दुरून दिसतात. शाळेच्या सहलीत असे केंद्र पाहून आलेल्या विद्यार्थ्याला विचारावे, की तेथे सर्वांत महत्त्वाचे काय पाहिलेस? बॉयलर, टर्बाइन, जनित्र, शीतक मनोरे, अशी उत्तरे येतात. ती चुकीची नाहीत. परंतु या केंद्राची पहिली वीट रचली जाण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी कागदावर एक आकडा लिहिलेला असतो. आणखी दहा वर्षांनी राज्याला किती वीज लागेल, याचा तो अंदाज असतो. यंत्रांविषयी आपण पुष्कळ वाचतो. या आकड्याविषयी आणि त्याखाली सही करणाऱ्या माणसाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते.

वीज मंडळाचा किंवा वीज कंपनीचा प्रमुख कसा होता, हे आपण बहुधा त्याच्या काळात किती मेगावॅट उभे राहिले यावरून ठरवतो. माझ्या मते ही मोजपट्टीच चुकीची आहे. त्याने मागणी किती प्रामाणिकपणे मोजली, आणि अंदाज चुकतो आहे असे दिसताच तो उघडपणे दुरुस्त केला का, यावरून त्याची योग्यता ठरवावी. असे का म्हणतो, ते पुढे पाहू.

पंगतीचा हिशेब

लग्नघरी सर्वांत मोठी काळजी कोणाला असते? पाने किती पडणार हे सांगणाऱ्याला. पाचशे पानांचा स्वयंपाक केला आणि तीनशेच जेवले, तर अन्न वाया जाते आणि खर्च अंगावर येतो. तीनशेंचा केला आणि पाचशे आले, तर पंगत अर्ध्यात उठवावी लागते. विजेचे तसेच आहे. किंबहुना थोडे अधिक कठीण आहे. लाडू दुसऱ्या दिवशी खाता येतात. वीज मात्र मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजूनही महाग पडते. ज्या क्षणी ती लागते, त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते.

याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. आपल्या देशातील सर्व मोठी जनित्रे एकाच जाळ्याला जोडलेली आहेत आणि ती एकमेकांशी ताल राखून फिरतात. खापरखेड्याचे जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातील प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असते ती यामुळेच. मागणी एकाएकी वाढली, की चढावर सायकल मंदावते तशी सारी जनित्रे किंचित मंदावतात आणि वारंवारता उतरते. मागणी घटली, की ती वेग घेतात. भार प्रेषण केंद्रातील अभियंते या एका आकड्यावर रात्रंदिवस नजर ठेवून असतात.

५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटे घरातील दिवे मालवले. तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांत देशाची मागणी सुमारे १ लाख १७ हजार मेगावॅटवरून ८५ हजार मेगावॅटपर्यंत खाली आली आणि लगेच पुन्हा वर चढली. जाळे कोसळले नाही. कारण मागणी किती उतरेल याचा अंदाज आधीच बांधलेला होता आणि झटपट कमी-जास्त करता येणारी जलविद्युत केंद्रे सज्ज ठेवलेली होती. याउलट जुलै २०१२ मध्ये ३० आणि ३१ तारखेला लागोपाठ दोन दिवस उत्तरेकडील जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी तर पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला. महाराष्ट्र ज्या पश्चिम जाळ्यात आहे, ते त्या वेळी वाचले.

हा झाला काही मिनिटांचा हिशेब. प्रमुखाच्या खुर्चीतील माणसाला याच जातीचा हिशेब दहा वर्षांसाठी करावा लागतो.

दोन टक्क्यांची किंमत

गणिताच्या तासाला तुम्ही चक्रवाढ व्याज शिकलेले आहात. मागणी वाढते तीही चक्रवाढीनेच. एक सोपा ठोकताळा लक्षात ठेवा : वाढीचा वार्षिक दर जेवढे टक्के असेल, त्याने ७० ला भागा. जो भागाकार येईल, साधारण तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. वाढ ७ टक्के असेल तर दहा वर्षांत, ५ टक्के असेल तर चौदा वर्षांत.

आता समजा, एखाद्या राज्याची आजची मागणी १०,००० मेगावॅट आहे. एक अधिकारी म्हणतो, वाढ वर्षाला ७ टक्के राहील. दुसरा म्हणतो, ५ टक्के. ऐकताना हा फरक किरकोळ वाटतो. दहा वर्षांनंतर पहिल्याच्या हिशेबाने १९,७०० मेगावॅट लागतील, दुसऱ्याच्या हिशेबाने १६,३००. फरक ३,४०० मेगावॅटचा. खापरखेडा केंद्राची एकूण क्षमता १,३४० मेगावॅट आहे. म्हणजे दोन टक्क्यांच्या मतभेदात अडीच खापरखेडे मावतात! ती केंद्रे बांधायची की नाहीत, त्यांचे पाणी आणि कोळसा राखून ठेवायचा की नाही, कर्ज काढायचे की नाही, हे सारे त्या दोन टक्क्यांवर अवलंबून असते.

यात आणखी एक अडचण आहे. केंद्र आज ठरवले म्हणून उद्या उभे राहत नाही. खापरखेड्याचाच इतिहास पाहा. तेथील जुने केंद्र १९५० च्या दशकातले; ते कधीच निवृत्त झाले. नंतरच्या केंद्रातील २१० मेगावॅटचे पहिले दोन संच १९८९ आणि १९९० साली सुरू झाले, पुढचे दोन २०००-२००१ मध्ये, आणि ५०० मेगावॅटचा पाचवा संच २०११ मध्ये. खुर्चीवरचा अधिकारी बहुधा दोन-तीन वर्षांत बदलतो. संच मात्र तीस-चाळीस वर्षे चालतो. सही एकाची, उद्घाटन दुसऱ्याच्या हातून, आणि चुकीची भरपाई तिसऱ्याच्या काळातील ग्राहकांकडून, असा हा मामला असतो.

आधी जास्त, मग कमी

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. माधव गोडबोले हे १९८० च्या दशकात त्याचे अध्यक्ष होते. पुढे ते केंद्रीय गृहसचिव झाले आणि १९९३ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सामान्यतः अशा अधिकाऱ्याचा आणि विजेचा संबंध तेथे संपतो. गोडबोले यांचा संपला नाही. २००१ साली राज्य सरकारने वीज क्षेत्राची, विशेषतः दाभोळ प्रकल्पाची, चिकित्सा करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दिले. एकेकाळी याच मंडळाचा कारभार पाहिलेला माणूस आता त्याच मंडळाचे अंदाज तपासायला बसला होता.

दाभोळची हकीकत थोडक्यात अशी. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या पुढाकाराने रत्नागिरी जिल्ह्यात मोठे वीज केंद्र उभारण्याचे ठरले. मंडळाने १९९३ साली वीज खरेदीचा करार केला. एवढी वीज राज्याला लागणार नाही आणि तिच्यामुळे कोळशावरची स्वस्त वीज बाजूला सारावी लागेल, असा इशारा जागतिक बँकेने त्याच वर्षी दिला होता. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतील गिरीश संत यांच्यासारख्या तरुण अभियंत्यांनी कराराचे आकडे सामान्य माणसाला समजतील असे मांडले. करार एकदा रद्द झाला, पुन्हा झाला, आणि १९९९ साली केंद्राचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला.

खरी मेख कराराच्या स्वरूपात होती. वीज घेतली किंवा न घेतली, तरी एक ठरावीक आकार द्यावाच लागे. याचा परिणाम पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका केंद्राचा स्थिर आकार दिवसाला १२ कोटी रुपये आहे, आणि इंधनाचा खर्च युनिटमागे २ रुपये. दिवसाला ४ कोटी युनिट घेतली, तर प्रत्येक युनिटवर स्थिर आकार ३ रुपये बसतो आणि युनिट ५ रुपयांना पडते. १ कोटीच युनिट घेतली, तर स्थिर आकार १२ रुपये बसतो आणि तेच युनिट १४ रुपयांना पडते. यंत्र तेच, इंधन तेच. फक्त पंगतीला माणसे कमी आली. दाभोळचे असेच झाले. त्यात भर म्हणून इंधन नाफ्त्याचे होते आणि खनिज तेलाचे भाव चढलेले होते. गोडबोले समितीच्या अहवालाचा सूर असा होता, की मागणीचे अंदाज फुगलेले होते आणि ही वीज मंडळाला परवडणारी नव्हती. २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले. त्याच वर्षाअखेर एन्रॉनचे दिवाळे वाजले.

आता गोष्टीचा दुसरा भाग ऐका. अवघ्या चार-पाच वर्षांत याच राज्यात हजारो मेगावॅटचा तुटवडा पडला. ग्रामीण भागात दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन होऊ लागले. पिकाला पाणी देण्यासाठी शेतकरी रात्री वीज येण्याची वाट पाहत बसे. पिठाच्या गिरण्या थांबत. परीक्षेच्या दिवसांत मुले कंदिलाशी बसत. २०१२ च्या अखेरीस राज्याच्या बहुतेक भागांतून भारनियमन गेले. मग पुन्हा काही वर्षे अशी आली, की करार केलेली वीज शिल्लक राहू लागली आणि थांबवून ठेवलेल्या संचांचाही स्थिर आकार ग्राहकांना भरावा लागला.

आधी जास्त, मग कमी, मग पुन्हा जास्त. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत १९७३ पर्यंत विजेची मागणी वर्षाला सुमारे ७ टक्क्यांनी वाढत होती. ती तशीच वाढत राहणार असे धरून वॉशिंग्टन राज्यातील सार्वजनिक वीज संस्थेने पाच अणुविद्युत केंद्रे एकदम हाती घेतली. तेल महागले, लोक काटकसर करू लागले, वाढ मंदावली. पाचांपैकी एकच केंद्र पुरे झाले, आणि १९८३ साली त्या संस्थेवर सव्वादोन अब्ज डॉलरचे रोखे बुडवण्याची वेळ आली. मागणी वाढत आहे हे निरीक्षण आहे. ती अशीच वाढत राहील, हा गुरुत्वाकर्षणासारखा नियम नव्हे.

न मोजता जेवून गेलेले

अंदाज बांधायचा तर आजची मागणी तरी नक्की ठाऊक हवी. पण ती ठाऊक होती का?

शेतीपंपांना मीटर नव्हते. पंपाच्या अश्वशक्तीवरून वर्षाचा आकार घेतला जाई. त्यामुळे शेतकऱ्याने किती युनिट वापरली, हे मंडळ मोजत नसे. अंदाजाने लिहीत असे. अनेक वर्षे मंडळ सांगत आले, की वहनातील व वितरणातील गळती सतरा-अठरा टक्के आहे. १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला. आकडे जाहीर सुनावणीत मांडावे लागले, आणि खरी गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे बाहेर आले. मधली युनिटे कुठे गेली होती? त्यांतील बरीचशी कागदोपत्री शेतकऱ्यांच्या नावावर टाकलेली होती. तारांतील उष्णता आणि आकड्यांची चोरी, दोन्ही त्या खात्यात लपत होत्या.

प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने वाचन न घेताच वहीत आकडा भरला, तर आम्ही त्याला पुन्हा प्रयोग करायला लावतो. येथे तर साऱ्या राज्याच्या वहीत असा आकडा भरलेला होता आणि त्यावरून पुढच्या दहा वर्षांची केंद्रे ठरत होती. म्हणूनच मला वाटते, की एखाद्या प्रमुखाने एकही नवे केंद्र न उभारता प्रत्येक रोहित्रावर मीटर बसवला, तर त्याची कारकीर्द मोठी मानली पाहिजे. दुर्दैवाने मीटरचे उद्घाटन होत नाही आणि त्याला फीतही बांधता येत नाही.

मागणी घडवताही येते

मागणी म्हणजे आकाशातून पडणारा पाऊस नव्हे. तिला वळण लावता येते. सॅम्युअल इन्सल हा एडिसनचा चिटणीस १८९२ साली शिकागोच्या वीज कंपनीचा प्रमुख झाला. त्याच्या लक्षात आले, की संध्याकाळी दिवे लागतात तेवढ्याच वेळी आपली यंत्रे राबतात. बाकी दिवसभर ती पडून असतात. त्याने दिवसा वीज वापरणाऱ्या ट्राम आणि कारखाने यांना कमी दर दिले. यंत्रे अधिक वेळ चालू लागली, युनिट स्वस्त झाले. त्याच्या उद्योगाचा पसारा पुढे कर्जावर वाढत गेला आणि १९३२ साली कोसळला, हेही खरे. पण त्याची मूळ सूचना आजही उपयोगी आहे : किती वीज लागते याइतकेच ती केव्हा लागते, हेही महत्त्वाचे.

आज आपल्याकडे सूर्याची वीज भर दुपारी भरपूर मिळते आणि सूर्यास्ताला संपते. शेतीपंप रात्रीऐवजी दिवसा या विजेवर चालवण्याच्या योजना राज्यात चालू आहेत. त्या नीट पार पडल्या, तर शेतकऱ्याची रात्रीची जागरणे वाचतील आणि रात्रीचा भारही हलका होईल. त्याच वेळी वातानुकूलन यंत्रे, विजेवरची वाहने आणि संगणकीय माहिती साठवणारी केंद्रे नवी मागणी आणत आहेत. देशाची कमाल मागणी ३० मे २०२४ रोजी २ लाख ५० हजार मेगावॅटवर गेली. पुन्हा एकदा मोठमोठे अंदाज बांधण्याचा काळ आला आहे.

राख कोणाच्या दारात?

काही जण म्हणतील, की अंदाज चुकायचाच असेल तर जास्तीकडे चुकावा. अंधारापेक्षा शिल्लक बरी. या म्हणण्यात तथ्य आहे. भारनियमनाचे चटके गरिबालाच अधिक बसतात. श्रीमंत इन्व्हर्टर घेतो. दिवसभर वीज नसलेल्या गावाला काटकसरीचे व्याख्यान देणे अन्यायाचे होईल. परंतु शिल्लक फुकट नसते. तिचे पैसे बिलातून जातात. आणि पैशाखेरीज आणखी एक किंमत असते, ती खापरखेड्याला विचारावी.

एक युनिट विजेला आपल्याकडे सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो आणि त्याची साधारण एक तृतीयांश राख होते. खापरखेडा केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले, तर ३ कोटी २२ लाख युनिट तयार होतील. त्याला सुमारे २४ हजार टन कोळसा लागेल, म्हणजे साधारण सहा मालगाड्या, आणि एका दिवसात ८ हजार टन राख उरेल. त्यातील काही सिमेंटला आणि विटांना जाते. उरलेली बंधाऱ्यात साठते. जुलै २०२२ मध्ये शेजारच्या कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा मुसळधार पावसात फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत गेले. मुंबईतील किंवा पुण्यातील कार्यालयात जो आकडा फुगवला जातो, त्याचा भार शेवटी अशा गावांवर पडतो. गळतीत वाया गेलेल्या युनिटाचीही राख होतेच.

यासाठी माझ्या तीन मागण्या आहेत. वीज कंपनीने दर वर्षी नवा अंदाज जाहीर करताना शेजारी दहा वर्षांपूर्वीचा अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी छापावी. गळतीचा आकडा मोजलेला की मानलेला, हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावे. आणि नव्या संचाचा निर्णय होताना ज्या गावांत राख पडणार, तेथील लोकांसमोर हे आकडे मराठीत आणि समजतील असे ठेवावेत. अंदाज चुकणे हा दोष नव्हे. हवामानशास्त्रज्ञांचेही अंदाज चुकतात. पण ते दुसऱ्या दिवशी पाऊस मोजतात आणि आपले गणित सुधारतात. वीज क्षेत्रातील वरिष्ठांकडून याहून वेगळी अपेक्षा का ठेवावी?

करून पाहा

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुम्हाला आजच सुरू करता येईल. घरातील किंवा शाळेतील मीटरचे वाचन रोज ठरावीक वेळी घ्या आणि महिनाभर आलेख काढा. मग वही मिटून पुढच्या महिन्याची युनिटे किती होतील, याचा अंदाज लिहा. तो का तसा वाटतो, तेही लिहा. महिना संपल्यावर तुलना करा. उन्हाळा आला का? पाहुणे होते का? परीक्षेमुळे दिवा रात्री उशिरापर्यंत जळला का? शिक्षकांनी साऱ्या वर्गाचे अंदाज फळ्यावर मांडावेत आणि चुकांची सरासरी काढावी. एका घराचा एका महिन्याचा अंदाज किती चुकतो हे कळले, की अकरा-बारा कोटी माणसांचा दहा वर्षांचा अंदाज सांगणाऱ्याला कोणता पहिला प्रश्न विचारायचा, तेही कळेल : साहेब, मागच्या वेळी आपला आकडा किती चुकला होता?